श्वास घेणारं प्रेत

"मागे घे ते," असं म्हणत वसुधाने मिहीरच्या हातातला रिमोट हिसकावूनच घेतला, आणि तो आता आपल्याच हातात आहे हे लक्षात आल्यावर त्याच्यावरच डाफरली, "कुठलं बटण आहे मेलं?"

मिहीरने बटण दाखवलं. ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या त्यांच्या घरात, भिंतभर पसरलेल्या टीव्हीवर, गुरुनाथ पुन्हा एकदा आडवा झाला. खरा गुरुनाथ जाऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी त्याचं वर्षश्राद्ध. सकाळी घरी गुरुजी येणार, दुपारी हॉलमध्ये दोनशे माणसं जेवायला, आणि जेवणाआधी पडद्यावर बारा मिनिटांचा व्हिडिओ, 'डॉक्टर गुरुनाथ: एक समर्पित जीवन'. हे नाव मिहीरने ठेवलं होतं. वसुधाला ते ऐकूनच अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पण नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला भांडण नको म्हणून तिने जीभ आवरली होती, कारण त्या बारा मिनिटांत तिने एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे हे एक्केचाळीस सेकंदांचं प्रेत.

टीव्हीवरचा गुरुनाथ सव्वीस वर्षांचा होता. एका जुन्यापुराण्या, चार दिडक्यांत उरकलेल्या इंग्रजी भुताच्या सिनेमात तो दगडी टेबलावर मरून पडला होता. तोंडाला पीठ फासलेलं, छातीपर्यंत पांढरी चादर. शेजारी एक पाद्री उभा राहून तावातावाने बोलत होता. वसुधा टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि चष्मा वर ढकलून त्या चादरीकडे बघायला लागली.

चादर हलत नव्हती.

"श्वास कुठे गेला?" तिने विचारलं.

"कसला श्वास?"

"तुझ्या बापाचा. कुठे गेला?"

मिहीर हसला. शाबासकी मिळणार असं वाटून हसतात तसा. "ते होय! तो फिक्स केला मी. अगं, प्रेत चक्क श्वास घेत होतं. छाती अशी वरखाली, वरखाली. मग मी एकच फ्रेम घेतली आणि तीच पूर्ण शॉटभर स्ट्रेच केली. वर जुन्या फिल्मवर दिसतात ते बारीक ठिपके हलते ठेवले. कळतसुद्धा नाही ना?"

वसुधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघून मिहीरचं हसू जागच्या जागी विरलं.

"फिक्स केलास?" ती म्हणाली. "काय मोडलं होतं रे त्याच्यात?"

"आई, दोनशे लोक असतील. लोक हसतील बाबांना."

"हसू देत की! तो स्वतः हसायचा. पन्नास वर्षं हसला त्याच्यावर. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी म्हटलं होतं, हा तुकडा आहे तसा घाल. आहे तसा घाल! तीन शब्द. तीन शब्द तुझ्या त्या कंपनीत कुणाला कळत नाहीत का?"

आता मिहीरच्या कंपनीचा यात तसा काही दोष नव्हता. पण त्याची सवय मात्र तिथलीच होती. तो व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर करायचा. हलणारं चित्र स्थिर करायचं, खरखर काढून टाकायची, अंधारलेले चेहरे उजळायचे, हेच त्याचं अठरा वर्षांचं काम. दोष दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. वर्षश्राद्धाच्या व्हिडिओतसुद्धा त्याने गुरुनाथचे दात पांढरे केले होते, आणि लग्नातल्या फोटोत मागे नाकात बोट घालून उभा असलेला मामेभाऊ पार पुसून टाकला होता. वसुधाने ते चालवून घेतलं होतं. मामेभाऊ गेला तर गेला.

"ओरिजिनल लाव," ती म्हणाली.

मिहीर सोफ्यावरच्या उशा नीट लावायला लागला.

"मिहीर, मूळ टेप कुठे आहे?"

"ती त्या कन्व्हर्ट करणाऱ्यांकडे पाठवली होती ना, सगळ्या टेप्सबरोबर. त्यांनी विचारलं, ओरिजिनल्स परत हव्यात का. मी नाही म्हटलं. गॅरेजमध्ये आधीच एवढा पसारा आहे."

"आणि त्यांनी पाठवलेली फाइल?"

"ती... मी त्याच्यावरच सेव्ह केलं, आई. त्यांच्याकडची कॉपी तीस दिवसांनी डिलीट होते. मला वाटलं, आता चांगली व्हर्जन आहे तर जुनी कशाला ठेवायची."

वसुधा मटकन सोफ्यावर बसली. मग तशीच उठली, कारण बसून ओरडता येत नव्हतं. त्या संध्याकाळी ती काय काय बोलली ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. पण शेवटचं वाक्य तिची नात अंतराने वरच्या मजल्यावर दार लावून घेतलेल्या खोलीतही ऐकलं. "तू तुझ्या बापाला मारलंस, मिहीर. धडधडीत मारलंस. मी शनिवारी येत नाही. तुझ्या त्या समर्पित जीवनाला तूच हार घाल!"

एका प्रेतासाठी एवढा आकांत कशाला, असं कुणालाही वाटेल. मिहीरला तर वाटलंच. म्हणून ते प्रेत कुठून आलं ते सांगायला हवं.

गोष्ट एकोणीसशे शहात्तरची. वसुधा आणि गुरुनाथ नागपूरच्या मेडिकलला एका वर्गात शिकलेले. ती त्याला अरे-तुरे करायची आणि सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. लग्न झाल्यावर वर्षभरात दोघं इंग्लंडला गेले, लँकशायरमधल्या एका गिरणीच्या गावात, सरकारी हॉस्पिटलात. तिथे छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या. ती भूल द्यायची, तो मेडिसिनच्या वॉर्डात. बाहेर बघावं तर चार वाजता अंधार, घराची मालकीण कांदा परतला तरी खिडक्या उघडून ठेवणारी, आणि वॉर्डात रोज कुणी ना कुणी दगावलेला. सुट्टीच्या दुपारी जायला जागा एकच. कोपऱ्यावरचं थिएटर. एका तिकिटात दोन सिनेमे, आणि दोन्ही भुतांचे.

काय सिनेमे होते ते! किल्ल्याच्या दगडी भिंतीला कुणाचा खांदा लागला की ती भिंत लटलट हलायची. वटवाघूळ दोरीला लोंबकळतंय हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. रक्त म्हणजे जॅम, आणि कधीकधी त्यात बियासुद्धा. सगळा सिनेमा दोन खोल्या आणि एका जिन्यात. पण नट! नट असे जीव तोडून काम करायचे की विचारू नका. हातात प्लास्टिकची कवटी, आणि चेहऱ्यावर भाव असा की पोटची पोर गेली आहे. त्यांना ठाऊक होतं की भिंत पुठ्ठ्याची आहे, बघणाऱ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी कुणाची फसवणूक करत नव्हतं. आणि भूत घरात शिरलं की ती माणसं पहिल्यांदा काय करायची? चहा टाकायची. गुरुनाथ म्हणायचा, "वसू, ही आपली माणसं आहेत गं." पुढे अमेरिकेत आल्यावर त्याने इथले मोठमोठे भुताचे सिनेमे बघितले आणि नाक मुरडलं. "यांच्या भुतापेक्षा त्याचं बजेटच जास्त घाबरवतं," असं त्याचं मत होतं.

वसुधाचं कारण वेगळं होतं. दिवसभर तिच्यासमोर माणसं मरायची आणि कुणी उठायचं नाही. त्या सिनेमात मेलेला हमखास उठायचा. हळू, कण्हत, चेहऱ्याला चिकटलेलं पीठ गळत का होईना, पण उठायचा. ती बाहेर पडायची तेव्हा तिला जेवण जायचं.

आणि मग एके दिवशी ती सिनेमावाली मंडळी त्यांच्याच हॉस्पिटलात आली. जुना, बंद पडलेला वॉर्ड त्यांना अकरा दिवस शूटिंगला मिळाला होता. सिनेमाचं नाव 'द सेलर ॲट ब्लीकमूर', म्हणजे ब्लीकमूरचं तळघर. ज्याला प्रेत व्हायचं होतं तो नट त्या दिवशी आलाच नाही. गुरुनाथ ड्युटी संपवून कॉरिडॉरमधून चालला होता, डोळे मिटत, भिंतीला धरत. त्यांच्या माणसाने त्याला बघितलं आणि म्हणाला की डॉक्टर, तुम्ही आत्ताच निम्मे मेलेले दिसता, उरलेलं आम्ही बघतो. त्यांनी त्याच्या सावळ्या तोंडाला पीठ फासलं, त्याला टेबलावर आडवं केलं, वर चादर टाकली. चादर ऊबदार होती. छत्तीस तासांनी त्याची पाठ कशाला तरी टेकली होती. कॅमेरा सुरू व्हायच्या आत गुरुनाथ गाढ झोपला.

पाद्री झालेला नट त्याच्या डोक्यावर उभा राहून नरकाबद्दल बोलत होता आणि हा खाली झोपेत एकेक लांब श्वास घेत होता. एक्केचाळीस सेकंदांत सात श्वास. दिग्दर्शकाला दिसलं, पण फिल्म संपत आली होती, पुन्हा घ्यायला रीळ नव्हतं. "कुणाच्या लक्षात येणार नाही," तो म्हणाला. पुढे लंडनच्या एका मित्राने टीव्हीवरून तो सिनेमा टेप करून पाठवला, आणि ह्यूस्टनला घरी पाहुणा आला की चिवड्याच्या बशीबरोबर ती टेप लागायची. "बघा, बघा, मेलेला कसा घोरतोय!" असं म्हणून गुरुनाथ मांडीवर थाप मारायचा.

वसुधा त्या श्वासाशेजारी पन्नास वर्षं झोपली होती. तोच श्वास. तीच ती मध्ये किंचित अडखळून पुन्हा लागणारी लय. घरात त्याचे शेकड्याने फोटो होते, भाषणांच्या टेप्स होत्या, पण झोपलेला गुरुनाथ जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तिथून तिच्या पोराने तो पुसून टाकला होता. चांगली व्हर्जन म्हणे!

दुसऱ्या दिवशी गुरुवारी ती जेवली नाही. सून निधी केटररची यादी घेऊन आली तेव्हा "मठ्ठा ठेवा नाहीतर विष ठेवा, मला विचारू नका," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. मिहीरने एकदा सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा त्याचाही आवाज चढला. "आई, इट वॉज अ मिस्टेक. किती वेळा म्हणू?" त्यावर तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

दुपारी अंतरा आली. सतरा वर्षांची ही मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने लॅपटॉप आजीच्या पुढ्यात ठेवला.

"आजी, डोन्ट यल. आय थिंक आय फाउंड हिम."

"कुणाला?"

"आजोबा. देअर आर पीपल हू लव्ह दिस स्टफ. लाइक, फॉर रिअल. देअर इज अ क्लब इन ह्यूस्टन."

असा एक क्लब होता खरा. महिन्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, जुन्या छापखान्याच्या शेडमध्ये पन्नासेक माणसं फोल्डिंगच्या खुर्च्या मांडून स्वस्तातले ब्रिटिश भुताचे सिनेमे बघायची, तेसुद्धा खऱ्या रिळांवर. रिळं जमवणाऱ्याचं नाव वेन. घरांचे एसी दुरुस्त करणारा माणूस. अंतराने त्याला आदल्या रात्रीच लिहिलं होतं आणि आता त्याचा फोन आला होता. तिने स्पीकर लावला.

"मॅम," पलीकडून जाडा, संथ टेक्सासचा आवाज आला, "ही मुलगी म्हणते आहे की तुम्ही ब्रीदरला ओळखता."

"कुणाला?"

"ब्लीकमूरमधला ब्रीदर. श्वास घेणारं प्रेत."

वसुधाने अंतराच्या हातातून फोन घेतला. "तो माझा नवरा आहे," ती इंग्रजीत म्हणाली, आणि 'होता' म्हणायचं राहिलं हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग वेन म्हणाला की या शुक्रवारी दुसरा सिनेमा ठरला होता, तो बाजूला ठेवतो. माझ्याकडे प्रिंट आहे. तुम्ही साडेपाचला या.

"तुम्ही लोक हसता का त्याला?" तिने विचारलं.

"तुम्ही येऊन बघा, मॅम."

"माझी ओळख कुणाला करून द्यायची नाही. मी मागे बसणार."

"यस, मॅम."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वसुधाने हायवेवर गाडी चालवणं सोडलं होतं. म्हणून शुक्रवारी मिहीरनेच तिला नेलं. एकोणसाठ नंबरच्या हायवेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, बाहेर ऊन असं की डांबर डोळ्यांना झोंबत होतं. वीस मिनिटं वसुधा पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बसली. मग वसुधाला राहवलं नाही.

"निदान आता तरी कळलं ना, काय केलंस ते? परक्या माणसाने जपून ठेवलं आणि पोटच्या पोराने फेकून दिलं."

"कळलं, आई."

"नाही कळलं. कळलं असतं तर असा दगडासारखा बसला नसतास. एका माणसाचा श्वास तू..."

"श्वास तू थांबवलास, आई!"

मिहीर एवढ्या मोठ्यांदा ओरडला की त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्याने गाडी पुढे घेतली. त्याचे कान लाल झाले होते.

"मी एक फ्रेम स्ट्रेच केली. टीव्हीवर. तू खरा थांबवलास. मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो, सॅन होजेहून निघालो होतो, मी विमानात बसताना तुला सांगितलं होतं, आई, मी सहाला उतरतोय, व्हेंटिलेटर काढू नका, मी येईपर्यंत थांबा. तू चारला सही केलीस. चारला! मी उतरून फोन सुरू केला तर कंडोलन्सचे मेसेज. तुझा फोन नाही, महाराष्ट्र मंडळातल्या लोकांचे मेसेज! वर्षभर मी एक शब्द बोललो का? बोललो? आणि दोन दिवस तू मला घरभर खुनी म्हणतेस. अंतरासमोर."

 वसुधाला राग आला, पण तो कुणाचा ते कळेना, म्हणून ती एसीच्या झरोक्यावर चिडली आणि तो फटकन बंद केला. शेडला पोचेपर्यंत दोघं घामाघूम झाले होते.

आत गर्दी होती. दाढीवाले, गोंदवून घेतलेले हात, दोन म्हाताऱ्या बहिणी विणकाम घेऊन, एक बाई नर्सच्या निळ्या कपड्यांत, बऱ्याच जणांच्या डोक्यावर टोप्या. वसुधा शेवटच्या रांगेत बसली. शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत मिहीर. मागे मशीनची टरटर सुरू झाली, आणि पडद्यावर धुकं पसरलं. धुकं म्हणजे कुणीतरी कडेला बसून ओलं गवत जाळत होतं, त्याचा हातसुद्धा क्षणभर दिसला.

लोक हसले. वसुधाच्या कपाळावर आठी आली. भिंत हलली, पुन्हा हसले. भूत पायऱ्यांवर आलं, घरमालकिणीने किंकाळी फोडली आणि लगेच किटली ठेवली, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. वसुधा दातओठ खात बसली होती. हसा मेल्यांनो, हसा. आता माझा नवरा येईल, त्यालाही हसा. एकजण जरी हसला तरी उठायचं, लाइट लावायला लावायचे आणि सगळ्यांच्या झिंज्या उपटायच्या, असं तिने ठरवून टाकलं होतं. पर्ससुद्धा खांद्याला अडकवून ठेवली होती.

पाद्री दिवा घेऊन तळघरात उतरला. दिवा उंच धरला. टेबल दिसलं, चादर दिसली, आणि पिठाखाली गुरुनाथचं ते लांब, थोडं वाकडं नाक.

शेडमधला आवाज एकदम थांबला. पुढच्या रांगेतल्या माणसाने टोपी काढली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळ्या टोप्या मांडीवर आल्या. चादर सावकाश वर आली, आणि तिच्याबरोबर सगळ्या शेडने श्वास आत घेतला. पन्नास माणसांनी, एकदम. चादर खाली गेली. सगळ्यांनी सोडला. कुणी हसत नव्हतं. नर्सच्या कपड्यांतल्या बाईने डोळे मिटले होते. विणकाम थांबलं होतं. पाद्री बिचारा वर नरकाचं वर्णन करून घसा कोरडा करत होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिसऱ्या श्वासाला वसुधाने आपल्याही नकळत श्वास घेतला. चौथ्याला तो नेहमीसारखा किंचित अडखळला, आणि शेडमधली सगळी माणसं त्याच जागी अडखळली. त्यांना पाठ होता तो. तिला वाटलं होतं, जगात तो फक्त तिलाच पाठ आहे.

पलीकडून हुंदका आला. मिहीर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

सातवा श्वास झाला आणि पडद्यावर पुन्हा ते दोरीवरचं वटवाघूळ आलं. टोप्या डोक्यावर गेल्या. लोक पुन्हा हसायला लागले.

सिनेमा संपल्यावर माणसं खुर्च्या घडी करत होती तेव्हा वेन मागे आला. सहा फुटी, पोट सुटलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याने एक पेनड्राइव्ह वसुधाच्या हातात ठेवला. "सगळा सिनेमा आहे, मॅम. आम्ही काहीही साफ केलेलं नाही. ओरखडे तसेच आहेत."

"तुम्ही असं का करता?" तिने विचारलं. "तो श्वास."

वेनने टोपी मागे सरकवली. "सुरुवात कुणी केली आठवत नाही. कुणीतरी गमतीत केली असेल. मग राहिलं. या सिनेमात सगळं खोटं आहे, मॅम, म्हणूनच आम्हाला आवडतो. तेवढा तो एक माणूस खरंच दमलेला आहे. मी ऑगस्टमध्ये लोकांच्या माळ्यावर चढून एसी दुरुस्त करतो. मला कळतं ते." मग त्याने मिहीरकडे बघितलं, मान लववली आणि रिळांचे डबे बाहेर गाडीत ठेवायला निघून गेला.

शेडमध्ये आता दोघंच राहिले होते, दोन न मिटलेल्या खुर्च्यांवर. मिहीरने नाक पुसलं. "उद्याच्या व्हिडिओत हा घालतो," तो म्हणाला. "काही न करता. आज जाऊन लगेच."

"घाल."

"तू येशील?"

वसुधाने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर ठेवली. पेनड्राइव्ह तिच्या मुठीत घट्ट होता. वर्षभर ती एक वाक्य गिळत आली होती, डॉक्टरांपुढे, गुरुजींपुढे, सांत्वनाला आलेल्या प्रत्येकापुढे. सगळ्यांना तिने सांगितलं होतं की थांबण्यात काही अर्थ नव्हता, त्याला त्रास होत होता, मी भूल देणारी डॉक्टर, मला कळत होतं. सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या.

"त्याला काही त्रास होत नव्हता," ती म्हणाली. "औषध पुरेसं होतं. मी स्वतः बघितलं होतं. तुझ्यासाठी दोन तास थांबलं असतं तर त्याला काही फरक पडला नसता."

मिहीरने तिच्याकडे बघितलं.

"ते मशीन त्याची छाती वर ढकलत होतं. एकसारखं, घड्याळासारखं. तो श्वास त्याचा नव्हता, मिहीर. मी जन्मभर लोकांना ते मशीन लावलं, आणि मला ते त्याच्या अंगावर दोन तास बघवलं नाही. माझ्यासाठी काढायला लावलं मी. त्याच्यासाठी नाही. तू येतोयस हे ठाऊक असून. आणि मग तुला फोन करायची हिंमत झाली नाही." तिचा आवाज चिरकला, आणि त्याचाही तिला राग आला. "थांबायला हवं होतं मी."

ती वाट बघत बसली. आता पोरगा म्हणेल, जाऊ दे आई. म्हणेल, तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. सगळे असंच म्हणतात, आणि आपण मान डोलवायची असते.

"हो," मिहीर म्हणाला. "थांबायला हवं होतंस."

वसुधाने त्याच्याकडे बघितलं. बुधवारपासून पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही. वर्षभरात तिच्याशी खरं बोललेला तो पहिलाच माणूस होता.